टाक्यांची लिपी

इतिहास म्हटला की आपल्यासमोर किल्ले, सनदा आणि बखरी उभ्या राहतात. लोकरीच्या कानटोपीलाही इतिहास असतो, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. मला त्याचे कुतूहल वाटू लागले ते भाषेमुळे. क्रोशा हा शब्द फ्रेंच, मूळ अर्थ लहान आकडा. पण आपल्या बायकांनी त्याच्या टाक्यांना साखळी, खांब, मुका खांब अशी घरचीच नावे दिली. ही नावे कुठल्या भाषा-समितीने ठरवली नाहीत.

विणकाम आधी हातातून हातात गेले, कागदावर ते फार उशिरा आले. इंग्रजीतली आज ज्ञात असलेली पहिली छापील कृती १६५५ सालची, पायमोज्याची. तीही औषधी पाठांच्या एका पुस्तकात, लांबलचक वाक्यांत. पुढे १८४० मध्ये एडिंबरोत लोकरीचा व्यापार करणाऱ्या जेन गॉगेन यांनी विणकामाचे पुस्तक काढले आणि टाक्यांसाठी अक्षरे व खुणा योजल्या. मैत्रीण शेजारी बसलेली नसली तरी शाल विणता येऊ लागली. मला ही एका लिपीची सुरुवात वाटते.

या नमुन्यांमागे केवळ हौस नव्हती. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने गेले. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली. त्या दिवसांत कॉन्व्हेंटमधून शिकवलेल्या क्रोशाच्या लेसवर कित्येक घरांची चूल पेटली. पाने-फुले सुटी विणायची आणि मग जाळीने जोडायची, अशी ती रीत.

आपल्याकडे हीच कला मिशनऱ्यांबरोबर गोदावरीच्या मुखाकडे, नरसापूर भागात रुजली. नाशिकला उगम पावणारी आपलीच गोदावरी! मारिया मीस यांनी १९८२ साली तिथल्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर पुस्तक लिहिले. माल परदेशी जाई, व्यापारी गब्बर होत. विणणारी मात्र 'घरी बसलेली गृहिणी' ठरे. तिचे कष्ट 'फावल्या वेळचा उद्योग' म्हणून मोजले जात, आणि मजुरीही तशीच तुटपुंजी.

हे वाचल्यावर मला आपल्या घरांतल्या वह्या आठवल्या. आमच्या भागात मराठी आणि कानडी शेजारणी एका ओसरीवर बसून विणत. एकीने नमुना मराठीत उतरवावा, दुसरीने कानडीत. घरांची संख्या मात्र दोघींची एकच. बाहेर भाषेवरून किती वाद झाले, त्यांची दप्तरे जपून ठेवलेली आहेत. या वह्या मात्र रद्दीत जातात.

तुमच्या घरी अशी वही असेल तर दिवाळीच्या आवराआवरीत ती बाजूला काढा. लिहिणारीचे नाव, गाव आणि साल पहिल्या पानावर घाला. जमल्यास तिच्याकडूनच वाचून घ्या. त्या खुणांचा अर्थ सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.