मज्जारज्जूच्या इजेनंतर

मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला भेटायला येणारा जवळपास प्रत्येक जण विचारतो, पुन्हा चालता येईल ना? विचारण्यात आपुलकी असते. पण त्या घरातली माणसं सकाळपासून निराळ्याच प्रश्नांत गुंतलेली असतात. लघवीची नळी वेळेवर घातली का, कुशीवर वळवलं का, बसायच्या जागी कातडी लाल तर झाली नाही, संडासाच्या दारातून व्हीलचेअर जाईल का? या विषयाचा अभ्यास इथून सुरू होतो.

इजा मानेत झाली तर हात आणि पाय, त्याखाली झाली तर पाय लुळे पडतात, एवढं बहुतेकांना माहीत असतं. मूत्राशय, आतडी, घाम, रक्तदाब, लैंगिक जीवन यांचं नियंत्रणही मज्जारज्जूच्याच वाटेनं होतं, हे मात्र क्वचितच बोललं जातं. संवेदना नसल्यानं एका जागी फार वेळ बसल्याचं कळत नाही. दाबाखाली रक्तपुरवठा थांबतो आणि बेडसोअर होतो. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा तिच्या वर इजा असेल, तर नुसतं मूत्राशय तुंबल्यानंही रक्तदाब एकाएकी धोकादायक चढू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी त्या माणसाला आडवं न करता बसतं करायचं, कपडे सैल करायचे, नळी कुठे पिळली आहे का ते पाहायचं आणि तातडीनं मदत मागवायची. घरच्यांना आणि गावातल्या डॉक्टरांना एवढं ठाऊक असेल तर जीव वाचतो. जनजागृती म्हणजे मी आधी हेच समजतो. फेऱ्या आणि फलक त्यानंतर.

ही समज फार जुनी नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशा रुग्णांपैकी बरेच जण काही महिन्यांत बेडसोअर आणि मूत्रमार्गाच्या संसर्गानं दगावत. नाझी जर्मनीतून 1939 साली इंग्लंडमध्ये आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुटमान यांनी 1944 च्या फेब्रुवारीत स्टोक मँडव्हिल रुग्णालयात स्वतंत्र विभाग सुरू केला. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची, मूत्राशयाची निगा राखायची आणि त्याला कामाला लावायचं, हा त्यांचा आग्रह. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी 16 जखमी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचं मूळ तिथे आहे. त्यांच्या यशात मोठा वाटा काटेकोर शुश्रूषेचा होता, आणि ती शुश्रूषा घरीही शिकता येते.

या इतिहासात आपलीही माणसं आहेत. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. त्यांना पद्मश्री मिळायला 2018 साल उजाडलं. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी 1984 साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन या अभ्यासात येणाऱ्यानं आधी वाचावं. पुण्याला खडकीत जखमी जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. हे सारं अभिमानाचं आहेच. तरीही विक्रमवीरांच्या गोष्टींवर आपण जरा जास्तच खूश होतो असं मला वाटतं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर अडकून पडलेल्या माणसाला पदक नको असतं, खाली रस्त्यावर यायचं असतं.

आपल्याकडे ही इजा बहुतांशी उंचावरून पडून किंवा रस्त्यावरच्या अपघातात होते. झाडावरून, छपरावरून, परांचीवरून पडलेल्याला दोघं जण हातापायांना धरून उचलतात आणि जीपमध्ये कोंबतात. त्या झटक्यात उरलासुरला मज्जारज्जूही दुखावू शकतो. मान, पाठ आणि कंबर एका रेषेत धरून, फळीवर, चार-पाच जणांनी मिळून हलवावं. त्याआधी 108 ला फोन करावा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सार्वजनिक इमारती सुगम करणं बंधनकारक केलं आहे, पण कायदा आपल्या पायरीपर्यंत आपणच आणायचा असतो. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. तुमच्या सोसायटीच्या किंवा ग्रामसभेच्या पुढच्या बैठकीत रॅम्पचा आणि संडासाच्या दाराच्या रुंदीचा विषय मांडा, आणि मापं घेताना व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसालाच सोबत घ्या.