जुने इंजिन, नवा दम

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने पूर्व प्रशिया उरलेल्या जर्मनीपासून तुटला. मध्ये पोलंडची पट्टी आली आणि आपल्याच देशाच्या एका तुकड्यात जायला दुसऱ्याचा मुलूख ओलांडावा लागू लागला. यावर जर्मनीने १९२० पासून बाल्टिक समुद्रातून बोटीची फेरी सुरू केली. १९२६ मध्ये या फेरीसाठी ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन बोटी बांधल्या गेल्या. राजकारणाच्या इतिहासात त्यांना फारशी जागा नाही, इंजिनांच्या इतिहासात मात्र मानाची आहे. त्यांची दहा सिलिंडरची डिझेल इंजिने मूळ १,७५० अश्वशक्तीची. टर्बोचार्जर जोडल्यावर तेवढ्याच आकाराचे इंजिन २,५०० अश्वशक्ती देऊ लागले.

डिझेल इंजिनात इंधन वाढवणे अवघड नाही. पंपाचा स्क्रू थोडा फिरवला की झाले. घोडे अडते हवेपाशी. एक किलो डिझेल नीट जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, आणि साध्या इंजिनाला ती पिस्टन खाली जाताना स्वतःच ओढून घ्यावी लागते. वातावरणाचा दाब जेवढी देईल तेवढीच. त्याहून जास्त इंधन ओतले तर ताकद वाढत नाही, मागून काळा धूर निघतो. घाटात ओझ्याने दमलेला जुना ट्रक असाच धूर ओकत चढतो.

दुसरीकडे, इंधनातल्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून फुकट जात असतो. आल्फ्रेड ब्युशी या स्विस इंजिनिअरला तोच खुपत होता. १८७९ मध्ये विंटरथूरला जन्मलेल्या या माणसाने १९०५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी पेटंट घेतले. बाहेर पडणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरवायचे, त्याच्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरायची. टर्बोचार्जरची एवढीच कल्पना.

ती चालायला मात्र पुढे वीस वर्षे गेली. विंटरथूरच्या सुल्झर कारखान्यात १९११ मध्ये प्रयोगाचे इंजिन उभे राहिले, पण हाती लागले ते किरकोळ. तेव्हाची कॉम्प्रेसरची चक्रे कमी कार्यक्षम, धातू उष्णतेला कच्चे. शिवाय आणखी एक अडचण होती, आणि या सगळ्या गोष्टीतली खरी गंमत तिथेच आहे. ब्युशी जी हवा आत कोंबू पाहत होता, तिला आत जागाच नव्हती. सिलिंडरच्या कोपऱ्यांत आधीच्या फेरीचा जळका वायू अडकून राहायचा.

१९१५ च्या सुमारास त्याने तोड काढली. आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदम उघडे ठेवायचे. मग दाबाची ताजी हवा जुना वायू झाडून काढते आणि जाता जाता तापलेल्या व्हॉल्व्हला व पिस्टनच्या माथ्यालाही गार करते. १९२५ च्या पेटंटमध्ये त्याने धुराच्या नळ्याही वेगळ्या केल्या, म्हणजे एका सिलिंडरचा झोत दुसऱ्याच्या वाटेत आडवा येऊ नये. १९२४ मध्ये बाडेनच्या ब्राऊन बोव्हेरी कंपनीने आपला पहिला टर्बोचार्जर कारखान्याबाहेर काढला होताच. दोन वर्षांनी बाल्टिकच्या त्या बोटी आल्या. म्हणजे टर्बो चालला तो टर्बो सुधारला एवढ्यामुळेच नव्हे, इंजिनानेही आपली श्वास घ्यायची रीत बदलली म्हणून.

बोटीवर जागा मुबलक असते. रस्त्यावरच्या वाहनांपर्यंत हे तंत्र यायला वेळ लागला. स्वित्झर्लंडच्या झाउररने १९३८ मध्ये ट्रकसाठी टर्बोचे डिझेल इंजिन बनवले, मग दुसरे महायुद्ध मध्ये आले. १९५४ मध्ये स्वीडनच्या व्होल्वोने ‘टायटन’ ट्रकच्या १५० अश्वशक्तीच्या इंजिनाला टर्बो जोडून ते १८५ वर नेले.

त्याच्या दोनच वर्षे आधी अमेरिकेत एक अजब प्रकार घडला होता. कमिन्स या इंजिन कंपनीने ट्रकचे ६.६ लिटरचे डिझेल इंजिन आडवे निजवून, टर्बो लावून, इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरवले. फ्रेड अगाबाशियनने पात्रता फेरीत ताशी १३८ मैलांचा, म्हणजे २२२ किलोमीटरचा वेग गाठून पहिली जागा पटकावली. बाकीच्यांची तोंडे पाहण्यासारखी झाली असणार! प्रत्यक्ष शर्यतीत २०० पैकी ७१ व्या फेरीला गाडी थांबली. टर्बोत हवा जाण्याचे तोंड ट्रॅकवरच्या कचऱ्याने बुजले होते. याच कमिन्सने पुढे १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात, कोथरूडला कारखाना काढला.

भारतीय रस्त्यांवर मात्र साध्या इंजिनाचेच राज्य दीर्घकाळ चालले. टेल्को कंपनीने १९५४ मध्ये ट्रकसाठी जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार केला आणि त्या घराण्याची सहा सिलिंडरची इंजिने इथे रुजली. मिस्त्री लोकांच्या तोंडी बसलेला ‘६९७’ हा आकडा म्हणजे त्या इंजिनाची कुंडलीच: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर व्यास. १९८६ मध्ये आलेल्या, पुण्यात बनणाऱ्या ‘४०७’ टेम्पोच्या ४९७ इंजिनाचा हिशेबही तोच, फक्त सिलिंडर चार. सोपी, दणकट, कुठल्याही गावात दुरुस्त होणारी इंजिने. धूर सोडायची, पण तेव्हा धुराबद्दल विचारतो कोण? २००० सालानंतर भारत स्टेज हे प्रदूषणाचे नियम एकामागून एक कडक होत गेले तसे विचारणारे आले, आणि याच इंजिनांच्या नावापुढे ‘टीसी’ ही टर्बोची अक्षरे लागली.

कारखान्यात हे काम रीतसर होते. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये कुणी भंगारातला टर्बो आणून जुन्या इंजिनावर चढवला, तर हिशेब चुकायला वेळ लागत नाही. बाहेरची हवा ३० अंशांची असली आणि तिचा दाब दुप्पट केला, तर ती सव्वाशे अंशांच्या आसपास तापते. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे कमावलेले थोडे तिथेच गेले. म्हणून तिला गार करणारा इंटरकूलर लागतो. साध्या इंजिनात हवा आधीच सतरा-अठरा पट दाबली जाते. त्यात टर्बोची भर पडली की हेडचे पॅकिंग उडते. मग पिस्टन बदलून हवा दाबण्याचे हे प्रमाण खाली आणावे लागते. वर कुणी ताकदीच्या हौसेने पंपही भरमसाट वाढवला, तर पिस्टनचा माथा वितळतो. टर्बोच्या बेअरिंगला इंजिनातूनच तेलाची वेगळी नळी द्यावी लागते, कारण त्याचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगतो.

या तेलानेच ड्रायव्हर लोकांची एक जुनी सवय अडचणीत आणली. इंजिन बंद करण्याआधी एकदा जोरात रेस द्यायची आणि लगेच बंद करायचे, अशी पद्धत कित्येकांच्या हाताला बसलेली होती. साधे इंजिन ती निमूट सोसायचे. टर्बोच्या गाडीत मात्र त्या रेसने चक्र वेग घेते, इंजिन थांबताच तेल थांबते आणि तापलेला दांडा कोरडा फिरत राहतो. बेअरिंगमध्ये उरलेले तेल जळून त्याची काजळी धरते. म्हणून टर्बोच्या गाड्या आल्या तशी केबिनमध्ये सूचनेची पट्टीही आली: बंद करण्याआधी इंजिन मिनिटभर सावकाश चालू द्या.