उजव्या जवनिकेची कैफियत

वैनगंगेकाठच्या धानपट्ट्यात हत्तीपाय पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून असल्यामुळे भंडारा जिल्ह्यात पाय सुजला की पहिला संशय डासावर जातो. परंतु दोन्ही घोटे सारखेच सुजलेले, अंगठ्याने दाबले असता पडलेला खळगा तसाच राहणारा, मानेची शीर फुगलेली आणि पोटात पाणी धरलेले असेल, तर ती कैफियत बहुधा हृदयाच्या उजव्या बाजूची असते.

वैद्यकाने या बाजूची दखल फार उशिरा घेतली. १९४३ साली अमेरिकेत संशोधक स्टार व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांची उजवी जवनिका (फुप्फुसांकडे रक्त लोटणारा हृदयाचा खालचा कप्पा) डागून पाहिली, आणि एवढी हानी होऊनही शिरांतला दाब फारसा चढत नाही असे दिसल्यावरून, ती म्हणजे रक्ताची केवळ एक वाट, असा जो ग्रह बळावला, तो दीर्घकाळ टिकला. १९६३ साली ह्यूस्टनला एका रुग्णाच्या हृदयाला कृत्रिम पंप बसला, तोही डाव्याच बाजूच्या मदतीला.

उजवीचे खरे मोल पुढे पंपानेच उघड केले. डावीकडून पंप जेवढे रक्त लोटतो तेवढे सारे उजवीकडे परत येते. शिवाय डावी रिती होताच दोन्ही जवनिकांमधला पडदा तिकडे ओढला जाऊन उजवीच्या आकुंचनाचा आधार सुटतो. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांच्या साखळीत वरच्या बोडीचे, म्हणजे लहान तळ्याचे, पाणी उतरेनासे झाले, तर खालच्या तलावाचा पाट कितीही मोकळा केला तरी धानाच्या बांध्या कोरड्याच राहतात. उजवी थकली की तीच गत पंपाची होते.

म्हणून पंपापूर्वीच इको काढून व नळीने दाब मोजून उजवीची खातरजमा करणे, लघवीच्या औषधांनी साठलेले पाणी उतरवणे, मिलरिनोन या औषधाने तिला बळ देणे, नायट्रिक ऑक्साइड श्वासावाटे देऊन फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल करणे, पडद्यावर नजर ठेवून पंपाचे फेरे बेताने ठरवणे, आणि एवढ्यानेही न भागल्यास उजवीलाही तात्पुरता पंप जोडणे, असा बंदोबस्त हळूहळू सिद्ध झाला. २०१७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या, चुंबकीय बळावर तरंगत फिरणाऱ्या ‘हार्टमेट ३’ या पंपालाही तो चुकलेला नाही. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत, आणि त्या व्याधीतही फुप्फुसांतला दाब चढून उजवीवर भार पडू शकतो. येथून नागपूरला पाठवलेल्या अशा रुग्णाची तपासणी डाव्या जवनिकेपाशी थांबवून चालणार नाही.