'सूका' : एका शिवीचे वजन

रशियन भाषेत 'सूका' म्हणजे कुत्री. स्त्रीला उद्देशून ती शिवी आहेच. पण आज ठेच लागली तरी तोंडातून निघावी इतकी ती झिजलेली आहे. ह्याच शब्दापायी सोविएत श्रमछावण्यांत माणसे मारली गेली, हे मात्र कोशात सापडत नाही.

तेथील व्यावसायिक चोरांचा स्वतःचा एक 'कायदा' होता. सरकारचे काम करायचे नाही, सरकारच्या हातून शस्त्र घ्यायचे नाही. हा कायदा मोडणारा तो 'सूका'. शब्द स्त्रीलिंगी, पण लावला जाई पुरुषाला. अपमानाचा निम्मा डंख ह्या लिंगबदलातच असावा, असे आम्हांला वाटते. त्यावरून क्रियापदही घडले : 'स्सूचित्स्या', म्हणजे सूका होणे.

1941 साली युद्ध पेटले आणि हजारो कैद्यांना आघाडीवर धाडण्यात आले. त्यांत चोरही होते. 1945 नंतर त्यांतले काही पुन्हा गुन्ह्यांकडे वळले व छावणीत परतले, तेव्हा जुन्या सोबत्यांनी त्यांना आपल्यात घेतले नाही. देशासाठी लढणे हीच त्यांची फितुरी ठरली! त्यातून जो सुऱ्यांचा संघर्ष उसळला, त्याला 'सूकांचे युद्ध' म्हणतात. कोलिमाच्या छावण्यांत दीर्घकाळ कैदेत राहिलेल्या वार्लाम शालामोव (1907–1982) ह्यांनी ह्याच नावाचा निबंध लिहिला आहे. शरण आलेल्या चोराला सुरी चुंबायला लावून 'नव्या कायद्या'त घेतले जाई, नकार देणाऱ्याला मरण. आणि छावणीचे अधिकारी सूकांच्या पाठीशी उभे राहत, असे ते सांगतात. दोन्ही पक्षांविषयी त्यांना यत्किंचितही ममत्व नाही. गुन्हेगाराला रम्य रंगांत रंगवणाऱ्या साहित्यावर, अगदी दस्तयेवस्कीवरही, त्यांचा रोष आहे.

वर्गात हा मजकूर शिकवायचा तर मराठीत काय म्हणावे? 'कुत्री' म्हटले की रस्त्यावरचे भांडण आठवते. 'फितूर' म्हणावे तर अर्थ येतो, पण त्याला बखरीचा वास येतो आणि शिवी हरवते. आम्ही मूळ शब्दच ठेवतो.

एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी लागते. राजकीय कैद्याने अधिकाऱ्यांचे कितीही काम केले तरी चोरांच्या लेखी तो 'सूका' होत नसे. त्यासाठी आधी चोर असावे लागे. बाहेरचा तो नुसता 'फ्रायेर', लुटण्याजोगा माणूस. शालामोव त्यांतलेच एक होते.