‘सेट’ शब्दाचा संसार

इंग्रजी शिकूं लागलेल्या विद्यार्थ्यास लांबलचक शब्दांची जी धास्ती वाटते ती बहुधा अस्थानीं असते. लांब शब्दास साधारणतः एकदोनच अर्थ असतात व ते कोशांत तत्काळ सांपडतात. खरी फजिती होते ती आखूड शब्दांपुढें. ‘सेट’ हा रोमन लिपींतील तीन अक्षरांचा शब्द पाहावा. टेबल ‘सेट’ करणें म्हणजे जेवणाची मांडामांड करणें. मोडलेलें हाड ‘सेट’ करणें म्हणजे तें जागेवर बसविणें. छापखान्यांत मजकूर ‘सेट’ करणें म्हणजे खिळे जुळविणें. आणि कविता संगीतांत ‘सेट’ करणें म्हणजे तिला चाल लावणें. परीक्षक प्रश्नपत्रिका ‘सेट’ करतो, सिमेंट ‘सेट’ होतें, आणि सायंकाळीं सूर्यही ‘सेट’ होतो. बसविणें, काढणें, गोठणें आणि मावळणें हीं सारीं कामें एकाच शब्दाच्या पदरीं कशीं पडलीं?

या शब्दाचें घराणें फार जुनें आहे. प्राचीन इंग्रजींत ‘सिट’ म्हणजे बसणें आणि ‘सेट’ म्हणजे बसविणें, अशी ही जोडी होती. तिचें मूळ ज्या धातूंत आहे, त्यांतूनच संस्कृतांतील ‘सद्’ धातु आला. सभावाचक ‘सदस्’, ‘संसद्’, ‘परिषद्’ आणि ‘उपनिषद्’ हे शब्द त्याचेच. लॅटिनमध्यें त्याच धातूपासून झालेल्या क्रियापदापासून ‘सेशन’ व ‘प्रेसिडेंट’ हे शब्द निघाले. परिषदेचा अध्यक्ष जेव्हां प्रेसिडेंट म्हणवितो, तेव्हां दूरच्या दोन चुलत घराण्यांची गांठ पडते ती अशी.

‘बसविणें’ हा मूळ अर्थ ध्यानांत ठेवला म्हणजे पुष्कळसा गोंधळ ओसरतो. मराठींतही अंगठींत खडा बसवितात, हाड बसवितात, नाटक बसवितात, दंड बसवितात आणि कामाची घडी बसवितात. मराठी ‘बसणें’ हें संस्कृत ‘उपविश्’ पासून आलेलें; त्याचा ‘सद्’ धातूशीं संबंध नाहीं. तरीही दोन्ही भाषांनीं एकाच साध्या क्रियेवरून अर्थाच्या अनेक वाटा पाडल्या. मनुष्य ज्या क्रिया रोज करतो त्यांच्या शब्दांवर भाषा सर्वांत अधिक भार टाकते, असें यावरून दिसतें.

परंतु एक अर्थ या घराण्यांतला नव्हे. चहाचा ‘सेट’ अथवा दागिन्यांचा ‘सेट’ यांतील नाम फ्रेंचमार्गें लॅटिनमधील ‘सेक्टा’ या शब्दापासून आलें. त्याचा अर्थ अनुयायांचा समुदाय. ‘सेक्ट’ म्हणजे पंथ हा शब्दही त्याचाच सख्खा भाऊ. इंग्रजींत येतां येतां त्याचें रूप जुन्या ‘सेट’ सारखेंच झालें, आणि जुन्या शब्दाच्या कांहीं छटाही त्यास येऊन मिळाल्या. दोन निराळ्या नद्या एका पात्रांतून वाहूं लागाव्यात तसें हें झालें.

अर्थांचें हें झालें. आतां समानार्थक शब्दांकडे वळलें पाहिजे. ‘सेट’ च्या शेजारीं ‘पुट’ आणि ‘ले’ हे इंग्रजीचे घरचे शब्द आहेत. इ. स. १०६६ मध्यें नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें आणि राजदरबारीं, न्यायसभेंत व सरदारांच्या वाड्यांत फ्रेंच भाषा बोलली जाऊं लागली. पुढें इंग्रजी पुन्हा वर आली, परंतु तोंपर्यंत ‘प्लेस’, ‘अपॉइंट’, ‘इस्टॅब्लिश’ असे शब्द तिच्यांत रुजले होते. विद्वानांनीं लॅटिनमधून ‘फिक्स’, ‘डिपॉझिट’ यांसारख्यांची भर घातली. या पाहुण्या शब्दांस नेमकीं कामें मिळालीं: संस्था ‘इस्टॅब्लिश’ होते, अधिकारी ‘अपॉइंट’ होतो, पेढींत पैसा ‘डिपॉझिट’ होतो. स्वयंपाकघर, शेत, सुताराची पडवी येथील नाना कामें मात्र घरच्या ‘सेट’ कडेच राहिलीं. म्हणून पाहुण्यांचे अर्थ मोजके आणि घरच्याचे अगणित.

समानार्थक शब्दांची व्यवस्था लावण्याचें काम डॉ. पीटर मार्क रॉजेट या वैद्यकशास्त्रज्ञानें केलें. १८०५ सालीं स्वतःपुरता आरंभिलेला त्यांचा शब्दसंग्रह १८५२ मध्यें छापला गेला. त्यांत शब्दांची मांडणी अकारविल्हे नसून कल्पनांच्या १००० सदरांखालीं आहे. या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत अमरकोशाचा आणि कोलब्रुक यांनीं १८०८ मध्यें सेरामपूर येथें छापविलेल्या त्याच्या भाषांतराचा उल्लेख आहे. आपल्याकडील पाठशाळांतून मुखोद्गत होणाऱ्या अमरकोशांत समानार्थक शब्दांचे वर्ग तर आहेतच, शिवाय तिसऱ्या कांडांत अनेकार्थक शब्दांसाठीं ‘नानार्थवर्ग’ ही आहे. आजचे दोन्ही प्रश्न अमरसिंहानें आधींच ओळखले होते.

अर्थ मोजण्याचे श्रम मात्र ऑक्सफर्डच्या महाकोशानें उपसले. १८५७ मध्यें लंडनच्या भाषाशास्त्रीय मंडळांत ही कल्पना निघाली. १८७९ मध्यें संपादकत्व जेम्स मरे यांच्याकडे आलें. हे चौदाव्या वर्षीं शाळा सोडलेले, स्वाध्यायानें बहुभाषी झालेले शिक्षक होते. हजारों वाचकांनीं पुस्तकांतून वाक्यें उतरून चिठ्ठ्या धाडल्या आणि मरे व त्यांच्या साहाय्यकांनीं बागेंतील पत्र्याच्या खोलींत त्या लावल्या. अर्थ संपादकाच्या मतानें ठरवावयाचा नाहीं. लोकांनीं तो शब्द जसा वापरला तसा नोंदावयाचा, हा तेथील नियम. मरे १९१५ मध्यें वारले. ‘सेट’ ज्या भागांत येतो तो हेन्री ब्रॅडली यांनीं संपादिला. तेही १९२३ मध्यें गेले. कोश पुरा झाला १९२८ सालीं. त्यांत ४ लाख १४ हजार ८२५ शब्द आणि १८ लाखांहून अधिक उतारे होते. पूर्ण ग्रंथ पाहणें दोघांच्याही नशिबीं नव्हतें.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तींत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० हून अधिक अर्थ नोंदले गेले आणि तो सर्वांत मोठा शब्द ठरला. परंतु नव्या संपादनांत २०११ च्या सुमारास ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. यंत्रें, कारखाने, निवडणुका आणि संगणक या सर्वांस इंग्रजीनें ‘धांवावयास’ लावलें, म्हणून ‘रन’ पुढें गेला.

मोल्सवर्थ यांनीं आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडी यांनीं १८४७ मध्यें पुरा केला, तेव्हां अशाच शब्दांस मराठी प्रतिशब्द शोधण्याचें संकट त्यांच्यापुढें होतें. एक शब्द पुरणारा नव्हता. मराठीनें पुढें ‘सेट’ हा शब्द उसना घेतला, तोही मुख्यत्वें दागिने, चहाचीं भांडीं, टेनिसचा डाव आणि चित्रपटाचा देखावा एवढ्यापुरता. इंग्रजींत फ्रेंच शब्द आले तेही असेच मोजक्या सामानानिशीं. त्याचें उरलेलें काम आपल्या घरीं ‘लावणें’ करतें. दिवा लावावा, झाड लावावें, दार लावावें, विरजण लावावें, चाल लावावी, मन लावावें. ज्या भाषेस असा शब्द आहे तिनें आपल्यास दरिद्री समजण्याचें कारण नाहीं. मात्र त्याच्या साऱ्या अर्थांची नोंद ठेवणारे हात तिला हवेत.