सालपापडी व्हाया हनोई

इतिहासाशी माझा संबंध शाळेतच संपला. पुढं मी कॉमर्सला गेलो, कारण तिथं सनावळ्या नसतात, फक्त आर्थिक वर्षं असतात. बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो आणि जगात जे काही घडतं ते जमा किंवा नावे यांपैकी एका बाजूला बसतंच, अशा सुखी समजुतीत पंचेचाळिशी गाठली. त्या समजुतीला तडा गेला तो व्हिएतनाममुळे. अमेरिकेचंही तसंच झालं होतं म्हणतात.

आम्ही राहतो ऊर्जानगरात. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची ही वसाहत. सौ. केंद्रात नोकरीला, तेव्हा क्वार्टर तिच्या नावावर. कागदोपत्री मी 'कुटुंबीय' या सदरात मोडतो. केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट, ताडोब्याचं जंगल जवळच, आणि उन्हाळा असा की अंगणात ठेवलेली वस्तू एक तर तासाभरात वाळते, नाही तर माकडं नेतात. ही शेवटची माहिती पुढं लागणार आहे.

वरच्या मजल्यावरचे साहेब सहकुटुंब व्हिएतनामला जाऊन आले. येताना त्यांनी साडेचारशे फोटो आणि आमच्यासाठी एक पुडकं आणलं. फोटो आधी बघावे लागले. पुडक्यात पातळ, गोल, काचेसारख्या चकत्या होत्या. तांदळाचा कागद म्हणे! तिकडं त्याला 'बान चांग' म्हणतात. ओला करायचा, आत झिंगे, तांदळाच्या शेवया आणि हिरवा पाला घालून गुंडाळी करायची, शेंगदाण्याच्या चटणीत बुडवून खायची.

"खरं म्हणजे हे सगळं आपलंच आहे," साहेब म्हणाले. "तिथं चंपा नावाचं राज्य होतं. राजांची नावं भद्रवर्मन वगैरे. मी सन देवळात महादेव! आपल्याच लोकांनी त्यांना शिकवलं."

साहेबांचं निम्मं खरं होतं. मी सनची देवळं चौथ्या शतकापासूनची, लेख संस्कृतात, आणि १९९९ साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. पण देवळाच्या पावतीवर स्वयंपाकघराची वसुली करता येत नाही, एवढं मला बँकेनं शिकवलं आहे. उलट व्यवहारही पाहायला हवा. चंपाचा तांदूळ लवकर पिकणारा आणि कमी पाण्यात तगणारा. १०१२ साली चीनमध्ये दुष्काळ पडला तेव्हा तिथल्या सुंग सम्राटानं त्याचं बियाणं शेतकऱ्यांना वाटलं. सम्राटाचं नाव इतिहासात आहे, सालही आहे. ते बियाणं पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवणाऱ्या माणसाचं नाव मात्र नाही. म्हणजे नोंद आहे, खाली सही नाही. आमच्याकडे अशा नोंदीवर मेमो निघतो.

पावाची गोष्ट वेगळी. पाव आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, व्हिएतनाममध्ये फ्रेंचांनी. आणणाऱ्यांची सही ठसठशीत आहे. पुढं दोन्हीकडच्या लोकांनी साहेबाचा पाव फाडला आणि आत आपल्या मनासारखं भरलं. तिकडं 'बान मी' झालं, इकडं १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर वडापाव झाला. स्वातंत्र्याचा हाही एक प्रकार असावा. पण तांदळाच्या कागदावर कुणा साहेबाची सही नव्हती, म्हणून तो माझ्या डोक्यात बसला.

रविवारी प्रयोग ठरला. लेकीनं मोबाइल समोर धरला. मामा तलावातले झिंगे आणले होते, काकडी, गाजर, कोथिंबीर चिरून तयार. कागद गरम पाण्यात 'क्षणभर' धरावा, अशी सूचना होती. आता, क्षणभर म्हणजे किती? आमच्या काउंटरवर क्षणभर म्हणजे जेवणाच्या सुट्टीनंतर. मी त्या हिशेबानं धरला. पहिला कागद माझ्या मनगटाला चिकटला, दुसरा पहिल्याला. तिसरा गुंडाळला गेला खरा, पण झिंगे चारी बाजूंनी बाहेर डोकावत होते. सौ. म्हणाली, "तुम्ही पाकिटं तरी नीट चिकटवता का हो बँकेत?"

आई दाराशी खुर्ची टाकून बघत होती. आई नागभीडकडची. बाबा गेले, गावचं घर सुटलं आणि आई इथं आली, ती स्वयंपाकघराचा राजीनामा देऊनच. काही विचारलं की म्हणायची, "आता मले काही येत नाही बाप्पा." सहा वर्षं हे एकच उत्तर. आम्हीही मग विचारणं सोडलं होतं.

तिनं पुडक्यातली एक चकती उचलली, उजेडाकडे धरली, कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

"काहून रे," ती म्हणाली, "सालपापडी कोनी भिजवून खाते का?"

आम्ही तिघंही गप्प. सालपापडीच होती ती! तेच तांदळाचं पातळ पीठ, तीच वाफ, तसंच सोलून उन्हात वाळवणं. आपण ती तळतो, ते ओली करतात, एवढाच फरक. व्हिएतनाममध्ये उकळत्या भांड्यावर कापड ताणून त्यावर पीठ पसरतात. आई ताटलीवर पसरायची.

"मग करायची का, आजी?" लेकीनं विचारलं.

मला वाटलं, आता ते ठरलेलं उत्तर येणार. आई म्हणाली, "तांदूळ कोनता हाय?"

तांदूळ एचएमटी होता. त्याचीही कथा सहीचीच आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या नांदेड फकिरी गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं पेरून पारखल्या आणि हे वाण तयार केलं. त्याला नाव मिळालं ते मनगटी घड्याळाचं! २०१८ साली दादाजी गेले. १९८३ सालीच इथला पहिला वीजसंच सुरू झाला होता. तो संच आता बंद झाला; तांदूळ अजून सुरू आहे.

तांदूळ तीन दिवस भिजला, रोज पाणी बदलून. पूर्वी चेक वटायला लागायचे तेवढे दिवस. चौथ्या दिवशी पीठ वाटताना आमचा जुना मिक्सर धूर काढून थांबला. शेजारी २९२० मेगावॉट, आणि आम्ही उरलेलं पीठ खलबत्त्यात! आईनं पातेल्यावर ताटली ठेवली, डावभर पीठ फिरवलं, झाकण घातलं, मनात काही मोजलं आणि सुरीच्या टोकानं कड उचलून अख्खी पापडी अलगद सोलली. हात जरा कापत होता. पापडी फाटली नाही.

ती गरम, ओली, लुसलुशीत पापडी तेल-तिखट लावून खाणं, हा लहानपणी आमचा हक्काचा हप्ता असे. हनोईत लोक सकाळी फुटपाथवर बसून नेमकं हेच खातात. आत सारण भरलेलं असतं आणि नाव 'बान कुऑन'. आईनं झिंगे आत घालून गुंडाळी केली. एकही बाहेर डोकावला नाही.

लेक वहीत सगळं उतरवून घेत होती. "आजी, तुला कुणी शिकवलं?"

"माह्या सासूनं."

"तिचं नाव काय?"

आई हसली. सासूचं नाव कसं घ्यायचं! लेकीनं माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या लक्षात आलं, मला ते माहीत नाही. 'आजी' हेच तिचं नाव, असं धरून मी चाळीस वर्षं काढली होती. खातं उघडायला आलेल्या प्रत्येकाला मी दिवसभर विचारतो, आईचं नाव काय? एक रकाना रिकामा असला तर फॉर्म परत करतो. आणि माझ्याच घरचा रकाना कोरा!

आईनं पुढची पापडी ताटलीवर पसरली, झाकण ठेवलं आणि झाकणाकडेच बघत हळूच म्हणाली, "भागीरथी."

लेकीनं वहीत वरच्या ओळीत लिहिलं: भागीरथीची सालपापडी. खाली आईकडून सही घेतली. सहा वर्षांनी आईनं पेन्शनच्या फॉर्मव्यतिरिक्त कशावर तरी सही केली.

उरलेल्या पापड्या अंगणात साडीवर वाळताहेत. मी काठी घेऊन शेजारी बसलो आहे, आणि कुंपणावर पाच माकडं रांगेत बसून आहेत. त्यांना कुठलाही फॉर्म भरायचा नाही.