झिजलेल्या कळा

यंत्रांचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा यंत्राच्या जन्मापाशींच थांबतात. तें कोणीं शोधिलें, कोणत्या सालीं बाजारांत आलें, पहिला नग कोणाच्या पदरीं पडला, एवढें सांगितलें म्हणजे त्यांचें कार्य उरकतें. पुढें तीस-चाळीस वर्षें तें यंत्र कोणाच्या बोटांखालीं झिजलें, कोणीं तें पुसलें आणि कोणत्या कळेनें आधीं माघार घेतली, याची नोंद ठेवण्याची चाल आपल्याकडे नाहीं. देवनागरी टंकलेखनयंत्राची हीच गत झाली आहे. आमच्या मतें या यंत्राची खरी कहाणी त्याच्या झिजेंत आहे. आणि ती झीज वाचतां येणारे कारागीर आतां दिवसेंदिवस विरळ होत असल्यामुळें ती वेळेवर लिहून ठेवणें अगत्याचें आहे.

शोल्स नांवाच्या अमेरिकन गृहस्थाची कल्पना रेमिंग्टन कंपनीनें 1873 सालीं हातीं घेतली आणि पुढच्याच वर्षीं यंत्र विकावयास आलें. तें इंग्रजीसाठीं घडविलेलें होतें. सव्वीस अक्षरें, तींही एकमेकांपासून सुटीं, आणि प्रत्येकाला सारखीच जागा. अशा सांच्यांत आमची लिपि बसवावयाची म्हणजे धिप्पाड माणसाला मुलाचा अंगरखा चढविण्याचाच प्रकार! नेहमींच्या यंत्रावर सुमारें 46 कळा, आणि प्रत्येक कळेच्या दांडीवर खालचें व वरचें अशीं दोन अक्षरें. म्हणजे एकंदर 92 चिन्हें. त्यांत स्वर, व्यंजनें, अर्धीं अक्षरें, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरें, आंकडे आणि विरामचिन्हें बसवावयाचीं होतीं. हिंदीवाल्यांचें ज्या ळवांचून अडत नाहीं, तो ळही मराठीला हवाच.

रेमिंग्टन पद्धतीच्या कळफलकानें यांतून जी वाट काढली ती मोठी चतुराईची होती. ख, घ, थ, ध, भ, ण, श, ष, क्ष यांसारखीं ज्या अक्षरांच्या उजव्या अंगास उभी रेघ येते, त्यांचें केवळ अर्धें रूप कळेवर ठेवावयाचें आणि पूर्ण अक्षर हवें असेल तेव्हां त्यापुढें काना मारावयाचा. एका कानाच्या कळेनें अशीं कित्येक अक्षरें पुरीं होतात आणि तितक्या जागा वांचतात. पण या काटकसरीचा सारा भार त्या एका कळेवर पडला. वाचकांनीं 'भाषा' हा साधा शब्द घेऊन पाहावा. आधीं अर्धा भ, मग तो पुरा करावयास काना, मग खरोखरीचा काना; नंतर अर्धा ष, पुन्हां काना आणि पुन्हां काना. सहा ठोक्यांपैकीं चार एकाच कळेवर! 'शिक्षण' या शब्दांत काना डोळ्यांस एकही दिसत नाहीं, तरी यंत्रावर तो तीनदां मारावा लागतो. इंग्रजींत अत्यंत वापरांतल्या अक्षराच्या वांट्यालाही इतकी मजुरी येत नाहीं. कळफलक रचणाऱ्यांस हें ठाऊक असावें, कारण त्यांनीं काना उजव्या हाताच्या मधल्या, बळकट बोटाखालीं, मधल्या रांगेंत ठेविला आहे. त्यांच्या दूरदृष्टीबद्दल त्यांस श्रेय दिलेंच पाहिजे.

कल्याणाच्या पुढें कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विठ्ठलवाडी हें पहिलें स्थानक. त्याला लागून उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधी निर्वासित जुन्या लष्करी छावणींत येऊन राहिले आणि 1949 सालीं त्या वसाहतीस हें नांव मिळालें. ज्यांचें सर्वस्व मागें राहिलें होतें त्यांनीं येथें लहानसहान कारखाने आणि दुकानें उभीं केलीं. फेंकून देण्यापेक्षां जोडून वापरण्याची विद्या या परिसराला तेव्हांपासून अवगत आहे. आमच्या परिचयाचे विठ्ठलवाडीचे एक वृद्ध कारागीर आयुष्यभर टंकयंत्रें दुरुस्त करीत आले. आम्हीं त्यांस मराठी यंत्राविषयीं विचारलें तेव्हां त्यांनीं एका वाक्यांत निकाल दिला: "सर, काना आधीं जातो, बाकीचें यंत्र मागून."

हें 'जाणें' तीन प्रकारचें असतें. पहिल्यांदा कळेवरचें अक्षर बोटाच्या घामानें पुसट होतें. जुन्या यंत्रांत तें कागदावर छापून वर कांचेची किंवा सेल्युलॉइडची चकती बसवीत आणि भोंवतीं धातूचें कडें आवळीत. कडें उकलून नवा कागद घालतां येत असे. दुसऱ्यांदा कळेखालची दांडी जेथें पुढच्या दुव्यांत अडकते तें भोंक रुंदावतें आणि कळ खिळखिळी होते. तिसऱ्यांदा, आणि हें सर्वांत वाईट, दांडीच्या टोंकाचा खिळाच बोथट होतो. काना म्हणजे एक बारीक उभी धार. ती फितीला कापते, रबरी रुळावर चरे पाडते आणि स्वतःही झिजते. रूळ जुना होऊन कडक झाला असेल तर ही झीज दुप्पट वेगानें होते; म्हणून जाणते टंकलेखक कागदामागें आणखी एक कोरा कागद घालीत. झिजलेला खिळा काढून मोडींतल्या यंत्राचा खिळा डाख देऊन बसविणें हें कसबाचें काम. तो केसभर जरी वर-खालीं झाला तरी सारी मेहनत फुकट.

येथें देवनागरीनें आपल्या कारागिरांस इंग्रजीवाल्यांहून कठीण परीक्षेस बसविलें आहे. इंग्रजी ओळींत एखादें अक्षर किंचित् वर उडालें तर फारसें कोणाच्या लक्षांत येत नाहीं. आमच्या ओळीला शिरोरेखा आहे. एक दांडी वांकली कीं ती रेघ तुटते, आणि तुटलेली रेघ अडाण्यालाही दिसते. अक्षरामागून अक्षर सारख्या अंतरावर पडलें नाहीं तर रेघेंत फट पडते. शिवाय मात्रा-उकारांच्या कळा मारल्या असतां यंत्राची गाडी पुढें सरकतां कामा नये. ती सरकली कीं मात्रा एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. हें सर्व ज्याला चिमटा आणि पक्कड घेऊन नुसत्या नजरेनें जुळवितां येतें, त्याला लिपितज्ज्ञ म्हणावयास हरकत कोणती?

आमच्या कोंकणपट्टीच्या पावसाळ्यानें या कामांत भरच घातली. आषाढ-श्रावणांत दांड्यांवर गंज चढे. अशा वेळीं कचेरींतला शिपाई उत्साहानें तेलाची कुपी घेऊन सगळ्या दांड्यांच्या मुळांशीं तेल ओती, आणि महिन्याभरांत तेल व धूळ मिळून असा कांहीं चिकटा होई कीं दांडी वर गेली ती परत यावयास तयार नसे. तेल द्यावयाचें तें गाडी ज्या पट्ट्यांवरून सरकते तेथें, तेंही थेंबभर. दांड्यांच्या खांचा पेट्रोलनें धुवून कोरड्याच ठेवावयाच्या. ब, व, म, ठ यांच्या पोकळींत शाईची पुटें बसतात, तीं ताठ केसांच्या कुंचल्यानें काढावयाचीं. टांचणीनें उकरलें तर अक्षर कायमचें ओरखडतें.

आतां दुसरी बाजू पाहूं. ज्या काळांत हे कारागीर झीज भरून काढीत होते, त्याच काळांत लिपि यंत्राजोगी करण्याचे विद्वत्तापूर्ण खटाटोप चालले होते. सावरकरांच्या लिपिशुद्धीनें अ ची बाराखडी सुचविली. संयुक्त प्रांतांत 1947 सालीं आचार्य नरेंद्र देव यांची समिति नेमली गेली. पुढल्याच वर्षीं काकासाहेब कालेलकरांच्या अध्यक्षतेखालीं केंद्र सरकारनें टंकलेखनाचा विचार करविला. 1953 च्या लखनौ परिषदेनें तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचें ठरविलें. लोकांच्या डोळ्यांस तें रुचलें नाहीं आणि तो फेरफार मागें घ्यावा लागला. या विद्वानांविषयीं आम्हांस आदर आहे. पण वीस वर्षें चाललेलें एखादें यंत्र उलटें करून कोणती कळ किती झिजली हें पाहिलें असतें, तर भाषेची अक्षरगणना आयतीच हातीं आली असती, असें आम्हांस वाटल्याखेरीज राहत नाहीं.

याच लोहमार्गावर मुंबईकडे विक्रोळी लागते. तेथें बस्तान असलेल्या गोदरेज आणि बॉइस कंपनीनें 1955 सालीं भारतीय बनावटीचें टंकयंत्र तयार केलें आणि त्याच वर्षीं आवडीच्या काँग्रेस-अधिवेशनांत तें लोकांपुढें मांडलें गेलें. यामुळें दुरुस्तीचें रूप पालटलें. सुटा भाग परदेशांतून येईपर्यंत यंत्र मुकें राहावयाचें तें आतां आठवड्यांत बोलूं लागलें. 1964 च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कामकाज मराठींत येऊं लागलें आणि गांवोगांवच्या टंकलेखनवर्गांत मराठी यंत्रांभोंवतीं मुलामुलींची गर्दी झाली. कित्येक मध्यम स्थितींतल्या घरांत मुलीचा पहिला पगार या कळांनीं आणला आहे. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठीं मिनिटास इंग्रजी 40 आणि मराठी 30 शब्द अशी अट असे. यावरून मराठी मंद, असा शेरा मारणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं 'भाषा' शब्दाचे ठोके मोजावे.

गोदरेजनें 2009 सालीं टंकयंत्रें बनविणें थांबविलें, आणि महाराष्ट्रांतील हातयंत्रावरच्या टंकलेखनपरीक्षा 2017 सालीं संपल्या. त्यापूर्वींच संगणक आला होता. 1986 सालीं केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें 'इन्स्क्रिप्ट' कळफलक ठरविला आणि 1991 सालीं भारतीय मानक ब्यूरोनें त्यावर शिक्का उठविला. त्यांत प्रत्येक व्यंजनाला पूर्ण रूपांत स्वतःची जागा आहे. 'भाषा' चार ठोक्यांत होते. कानाची वेठ सुटली, आणि जोडाक्षरें जुळविणाऱ्या हलन्ताच्या कळेवर नवा भार पडला. मात्र झिजलेल्या कळेची दुरुस्ती अवघड झाली. स्वस्त कळफलकांत कळेखालीं रबराची घुमटी आणि तिच्याखालीं चंदेरी रेघा छापलेलें प्लॅस्टिकचें पापुद्रें असतें. रबर मेलें किंवा रेघ तुटली कीं दुकानदार नवा घ्या म्हणतो, आणि किंमत पाहतां त्याचें चुकतें असेंही नाहीं. महाग कळफलकांत प्रत्येक कळेला धातूची पाती आणि स्प्रिंग असलेला स्वतंत्र खटका असतो. तो डाख सोडवून बदलतां येतो. तेथें मात्र जुन्या कारागिराचा हात अजून कामास येतो.

ज्यांच्या माळ्यावर आजोबांचें किंवा मावशीचें मराठी यंत्र पडून असेल, त्यांनीं तें मोडींत घालण्यापूर्वीं एवढें करावें: दांड्यांवरची धूळ कोरड्या कुंचल्यानें झाडावी, तेल देऊं नये, आणि नवी फीत घालून एका कागदावर सर्व 92 चिन्हें क्रमानें उमटवावीं. खालीं यंत्राचें नांव, क्रमांक आणि तें कोठें वापरलें गेलें तें लिहावें. असा कागद गांवच्या वाचनालयांत एका फायलींत ठेवावयास जागा फारशी लागणार नाहीं. काना पुसट उमटला तरी चालेल. तोच आधीं पाहावयाचा आहे.